पांढरं शीड

निकोबाबांनी पडदा ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. खिडकीबाहेर त्यांचाच मुलगा उभा होता.

मी मेलबर्नला म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये लाँड्रीत काम करते. कोविडमुळे भेटी बंद होत्या. घरची माणसं काचेबाहेरून हात हलवत. निकोबाबांचा यॉर्गोही रोज यायचा. मग त्यालाच कोविड झाला, हॉस्पिटलमध्ये नेलं. तेव्हापासून बाबांनी जेवण टाकलं. फोन त्यांना ऐकू येत नसे. "तो बरा होतोय," नर्स सांगायची. ते म्हणायचे, "म्हाताऱ्यांना सगळे खोटंच सांगतात."

चादरी ठेवायला गेले की ते मला ग्रीसची एक गोष्ट सांगत. त्यांचं इंग्लिश मोडकं, माझंही. एक राजपुत्र बैलाच्या तोंडाच्या राक्षसाला मारायला निघाला. जहाजाला काळं शीड. बाप म्हणाला, जिवंत परतलास तर पांढरं लाव. राक्षस मेला, पण पोरगा शीड बदलायला विसरला. बापाने लांबून काळं शीड पाहिलं आणि समुद्रात उडी घेतली.

हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि तोच बाप माझ्यासमोर खिडकीशी बसलेला. 

त्या दिवशी यॉर्गो बरा होऊन आला तो वाळलेला, दाढी वाढलेली, तोंडाला मास्क, अंगात लांब काळा कोट. थेट त्यांच्या चर्चमधल्या पाद्र्यासारखा.

"पाद्री आला," बाबा पुटपुटले. "माझा मुलगा गेला."

"बाबा, तो यॉर्गोच आहे!"

"तूसुद्धा खोटं बोलतेस?"

मी ट्रॉलीवरची धुतलेली चादर उचलली आणि पळाले. दारात सुपरवायझर हरप्रीत.

"दीदी, क्लीन चादर बाहर? पागल हो गई क्या?"

आमच्याकडे धुतलेला कपडा बाहेर गेला की तो मळकाच धरतात. मी आजवर तिला उलट बोलले नव्हते.

"बाद में डाँटना. पहले उनका परदा खोलो!"

मधल्या कुंपणावरून मी चादर यॉर्गोकडे टाकली. "शिप! व्हाइट!" एवढंच सुचलं.

त्याने चादर झेलली. मग त्याचे डोळे भरून आले. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट त्याची. त्याने कोट फेकला, चादर दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. वारा होताच. चादर शिडासारखी फुगली. मी हात जोडून उभी राहिले, कुणाला ते कळलं नाही.

हरप्रीतने पडदा सरकवला होता. बाबा काचेशी आले, बोट नाचवत आपल्या भाषेत ओरडले. यॉर्गो रडता रडता हसला.

"म्हणतायत, या वेळी तरी आठवलं का!"

संध्याकाळी बाबा वाटीभर सूप प्यायले. हरप्रीतने चादर पुन्हा धुवायला लावली. धुतली. एवढा राक्षस मारणारा वीर, पण त्याच्या जहाजावर लाँड्रीचं कुणी नव्हतं.