राखून ठेवलेली बॅटरी

माझे थोरले दीर नामदेवराव यांच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात. सिकंदराबादला रेल्वेत आयुष्यभर नोकरी, व्यसन नाही, कुणाशी भांडण नाही. मी हैदराबादेत बरकतपुऱ्याच्या त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते, म्हणून मला ते चांगलं बोलणं जरा जड जातं.

भाऊजींचा धर्म एकच. चांगली वस्तू वापरायची नाही, राखून ठेवायची. सोफ्यावरचं प्लास्टिक दुकानातून आलं तसंच आहे. डिनर सेट काचेच्या कपाटात, आणि आम्ही जेवतो जुन्या स्टीलच्या ताटांत. पाहुणे आले की काढू म्हणतात, आणि पाहुणे आले की म्हणतात, "ह्यांच्यासाठी कशाला?"

त्रिवेणीताई, म्हणजे माझ्या जाऊबाई, यांना गाडी लागते. थोडीथोडकी नव्हे. इंजिनाची घरघर सुरू झाली आणि पेट्रोलचा वास नाकात शिरला, की पोटात काही ठरत नाही. माहेर देगलूरला, तिथे रेल्वे जात नाही. त्यामुळे थोरली बहीण जयवंताक्का कित्येक वर्षं फोनवरच भेटत होती. गेल्या वर्षी अक्कांनी अंथरूण धरलं, तेव्हा ताईंनी नवऱ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं. धूर नसलेली गाडी.

लेक प्रियदर्शिनी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती म्हणाली, "बाबा, फुल इलेक्ट्रिक घ्या. घरी चार्ज केली तर पेट्रोलच्या चौथाई खर्चात चालते. देगलूर एका चार्जिंगमध्ये होतं."

"आणि नारायणखेडच्या पुढं बंद पडली तर? ढकलायला तू येणार का?" भाऊजी म्हणाले. "अन् करंट काय हवेतून येतो? तिकडं रामगुंडमच्या वीज केंद्रात कोळसा जळतोच की."

"जळतो. तरी एकूण धूर कमीच होतो. आणि आईच्या नाकाखाली तर अजिबात नाही."

भाऊजींनी मान हलवली आणि मलकपेठेतून एका दलालाकडून जुनी, परदेशी, प्लग-इन हायब्रिड आणली. दलालाने सांगितलं होतं, "दोनों है साब, करंट बी, पेट्रोल बी. टेन्शन नक्को." टेन्शन नको म्हणून माणसाने निवृत्तीचे पैसे घातले! नव्या कोऱ्या इलेक्ट्रिक गाडीला पडले नसते इतके. प्रियदर्शिनीने कपाळाला हात लावला. ही गाडी विजेवर जेमतेम शहराच्या वेशीवरच्या पटानचेरूपर्यंत जाणार, पुढे सगळं पेट्रोल. त्यात बॅटरीचं वजन वाहायचं, इंजिनाचं ऑइलही बदलायचं आणि बॅटरीचीही काळजी घ्यायची. निव्वळ विजेच्या गाड्यांना मिळते ती हिरवी नंबरप्लेटही तिला मिळाली नाही. सरकारला जे कळलं होतं ते आमच्या भाऊजींना कळलं नाही.

तरीही गावातल्या गावात ती बिनधुराची चालली असती. ताईंना काचीगुड्याच्या बाजारात, देवळात नेता आलं असतं. पण त्या गाडीत बॅटरी राखून ठेवायचं एक बटण आहे; ते दाबलं की गाडी पेट्रोलवरच चालते. भाऊजींना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मनासारखं यंत्र भेटलं. गाडी पूर्ण चार्ज केली, हळदकुंकू लावलं, आणि तेव्हापासून गाडी सुरू केली की पहिलं बोट त्या बटणावर. "बॅटरी महागाची आहे. अडीअडचणीला असू द्यावी." टाकी वरचेवर भरायची, आणि गल्लीत सांगायचं, "हमारी गाडी धुवाँ नै करती." ताई गॅलरीतून बघायच्या आणि नाकाला पदर लावून आत जायच्या.

मग देगलूरहून फोन आला. अक्का ताईंचं नाव घेत होत्या.

सकाळीच निघालो. मी मागे ताईंजवळ बसले होते. ताईंनी लिंबू नाकाशी धरलं होतं. इंजिन फाटकातच घरघरलं.

"ते बटण काढा ना," ताई म्हणाल्या.

"पुढं लागेल. आत्ताच संपवली तर पुढं काय करायचं?"

मियापूरला पहिली उलटी झाली. पटानचेरूला दुसरी. मी ओरडले, "भाऊजी, आता तरी विजेवर घ्या!" ते म्हणाले, "अजून खूप लांब आहे गं. राखून ठेवलेली बरी." संगारेड्डीला ताई रस्त्याच्या कडेला बसल्या त्या उठेनात. तोंडाला रंग नव्हता. मला त्या माणसाचा इतका राग आला की चावी हिसकावून घ्यावी वाटलं, पण मला चालवता कुठे येतं? गाडी मागे वळवली. परततानाही पेट्रोलवरच.

घराशी उतरताना मी गाडीचा पुढचा स्क्रीन पाहिला. बॅटरी पूर्ण भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी अक्का गेल्या.

प्रियदर्शिनीने इलेक्ट्रिक टॅक्सी बोलावली. ताई लिंबू न घेताच बसल्या. भाऊजी म्हणाले, "मी येतो मागून, आपली गाडी घेऊन." ताईंनी दार लावून घेतलं.

तेरावं करून त्या तशाच टॅक्सीने परतल्या. भाऊजी मागून गेलेच नव्हते, फाटकाशी उभे होते. बहिणीबद्दल काही विचारतील असं मला वाटलं. पण त्यांनी विचारलं, "जाताना वाटेत चार्जिंग कुठं केलं?"

"कुठंच नाही," ताई म्हणाल्या. "सरळ अक्काच्या दारात उतरले. तिला नेलं होतं तोवर."