गुरुवारचे दुसऱ्या फेरीवाले

आमच्याकडे येणाऱ्यांचं वजन उतरतं का, ते काट्याला विचारा; पण माझ्याकडचे किस्से मात्र दर आठवड्याला किलोकिलोने वाढतात! मी जळगावात, वजन कमी करायच्या ऑपरेशनच्या एका ओपीडीत आहार सांगायला बसते. माहेर जामनेरचं, बडबड जन्मजात, आणि अंगाने म्हणाल तर मीही काही शेवग्याची शेंग नाही. त्यामुळे नवा पेशंट आधी मला न्याहाळतो, मग आमच्या रिसेप्शनवरच्या कविताकडे वाकून हळूच विचारतो, "या ताईंचं कधी करताहेत?"

घरी सांगायला लागले की नवरा म्हणतो, "एकच सांग." पण एकावर कधी भागलंय? एक आठवला की त्याच्या पाठीला लागून दुसरा येतोच.

त्यातही गुरुवार खास. गुरुवारी 'दुसऱ्या फेरीवाले' येतात. म्हणजे एकदा ऑपरेशन झालेलं, वजन उतरलेलं, गावभर कौतुक झालेलं, आणि मग काही वर्षांनी वजन गुपचूप परत आलेलं, नाहीतर दुसरंच काही दुखणं मागे लागलेलं. आता परत ऑपरेशन करायचं का, आणि करायचं तर कोणतं, हे ठरवायचा तो दिवस. डॉक्टर त्याला 'रिव्हिजन' म्हणतात.

आता आमच्या शेजारच्या इमारतीत आहेत क्लासेस! एका गुरुवारी एक गृहस्थ दहावीतल्या मुलीला घेऊन आले. म्हणाले, "रिव्हिजनसाठी आलोय." कविताने सवयीने मुलीला सरळ काट्यावर चढवलं.

"अहो, वजन कशाला?" गृहस्थ चकित.

"रिव्हिजनला आधी वजनच बघतात," कविता म्हणाली.

गृहस्थ जरा विचारात पडले. मग म्हणाले, "आणि गणित?"

* * *

मोतीराम नाना आणि प्रमिलाअक्का हे जोडपं यावलचं. केळीची बाग आहे. नानांचा आवाज हा एक स्वतंत्र विषय आहे बघा! बाग घरापासून लांब, पार पाटाच्या पलीकडे. नाना तिथून हाक मारतात आणि अक्का घरात चहा ठेवतात. या माणसाने मोबाईल कशाला घेतला, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांचा फोन आला की मी तो टेबलावर ठेवते आणि हाताची घडी घालून ऐकते.

अक्कांचं पहिलं ऑपरेशन आमच्याच डॉक्टरांनी केलेलं. डॉक्टर पुण्याकडचे, तेव्हा नवीनच आले होते. त्यांनी छान समजावलं, "जठराचा मोठा भाग आपण काढून टाकतो. उरते ती केळ्याएवढी नळी. याला स्लीव्ह म्हणतात."

सगळीकडे असंच समजावतात म्हणे. पण सगळीकडचे पेशंट यावलचे नसतात ना! नाना खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "कोनतं केयं?"

"म्हणजे?"

"बसराई का जी-नाईन? जी-नाईन लांब ऱ्हाते साहेब. आन कच्चं का पिकेल?"

डॉक्टरांनी केविलवाण्या नजरेने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाना, वेलची केळं."

"मंग बराबर!" नाना इतक्या जोरात म्हणाले की बाहेरचा पेशंट आत डोकावला. "एवढुशा केयात जेवन जाईन तरी किती!"

* * *

ऑपरेशन झालं, अक्का निम्म्या झाल्या, नाना गावभर सांगत फिरले. मग काही वर्षांनी दोघं गुरुवारी दारात उभे.

"केयं वाढलं, साहेब!" नानांनी दारातूनच जाहीर केलं. "केयंच ते, वाढनारच!"

वजन थोडं परत आलं होतं, ते खरं. पण अक्कांचं दुखणं वेगळंच होतं. आडवं झालं की पोटातलं आंबट पाणी सरळ घशात. खोकला, ठसका, जळजळ. गोळ्या झाल्या, पथ्य झालं, उशीवर उशी रचून झाली. शेवटी भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लागेल तेवढी झोप. असं दोन वर्षं चाललेलं. स्लीव्ह झालेल्या काहींना हा त्रास होतो.

अक्का मुळात कमी बोलतात. घरातला बोलण्याचा सगळा कोटा नानाच संपवतात. मी नेहमीसारखं विचारलं, "अक्का, किती किलो कमी व्हावं असं वाटतं?"

त्या म्हणाल्या, "वजनाचं राहू द्या, ताई. मले आडवं झोपायचं हाये."

इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी इतकं साधं मागितलेलं नाही. डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी करून घेतली आणि सांगितलं, "दुसरं ऑपरेशन लागेल. कोणतं, ते घरच्यांना घेऊन या, बसून ठरवू."

* * *

त्याच दिवशी धुळ्याचे भिकाभाऊ आलेले. धंदा शिंपीकाम. त्यांचीही स्लीव्ह झालेली आणि वजन परत चढलेलं. डॉक्टर म्हणाले, "तुमची स्लीव्ह सैल पडली आहे."

आता शिंप्याला स्लीव्ह म्हणजे बाहीच! भिकाभाऊ चष्मा सावरत म्हणाले, "बाही सैल पडनी ते दोन टिपा मारी द्या! त्यानं काय एवढं?"

डॉक्टर म्हणाले, "तसंही करता येतं, पण ते फार टिकत नाही."

"पहिली शिवण कोनी मारेल शे?" भिकाभाऊंनी विचारलं. एक शिंपी दुसऱ्या शिंप्याच्या कामाबद्दल ज्या सुरात विचारतो ना, अगदी त्या सुरात!

डॉक्टर पडेल आवाजात म्हणाले, "मीच."

भिकाभाऊ जराही वरमले नाहीत. "बरं, उरेल कपडा कोठे शे?"

"जठराचा तो भाग? तो तेव्हाच काढून टाकला."

भिकाभाऊ खुर्चीतून उठलेच. "गिऱ्हाइकना कपडा फेकी दिन्हा?"

पुढे त्यांनी मिनी बायपास करून घेतला आणि तब्येत उत्तम आहे. पण दर तपासणीला डॉक्टरांच्या बाह्यांकडे असं काही बघतात की डॉक्टर गुरुवारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालायला लागले.

* * *

बायपास या शब्दाने तर आम्हाला फार छळलंय! एका दादांनी घरी फोन करून नुसतं "बायपास सांगितलाय" म्हटलं, तर तासाभरात जामनेरहून जीप भरून नातेवाईक रडत हजर. त्यांना वाटलं हृदयाचा! दादा बाहेर बाकावर बसून चहा पीत होते. त्यांना बघून त्यांची मावशी अजूनच रडली, "बघा, किती धीराचा!"

पण खरा बायपास कळला तो रघुनाथभाऊंना. त्यांचा हायवेला ढाबा होता. डॉक्टर त्यांना समजावत होते, "पोटाची छोटी पिशवी करतो आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडतो. मधल्या आतड्यातून जेवण जात नाही."

रघुनाथभाऊंचा चेहरा पडला. "म्हणजे गाड्या बाहेरून जाणार."

"हो, तसंच समजा."

"साहेब, हायवेचा बायपास झाला आणि माझा ढाबा बसला. आता माझ्या पोटातल्या ढाब्यांचं काय?"

डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच तर व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या."

"म्हणजे नुकसानभरपाई!" रघुनाथभाऊ एकदम खुलले. "मला सरकारने दिली नाही, निदान पोटाला तरी मिळू द्या!"

* * *

सगळ्यांनाच दुसरं ऑपरेशन लागतं असंही नाही हं. मेहरूणच्या सुशीलाकाकू मेस चालवतात. वजन परत आलेलं, पण तपासणीत सगळं ठीक. मी विचारलं, "काकू, दिवसभरात काय खाता?"

"काही नाही गं बाई. देवाशप्पथ, घास घशाखाली उतरत नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. फक्त चाखते."

"काय काय चाखता?"

"आता बघ, दोन भाज्या, वरण, आमटी, शेवभाजी, गुरुवारचा शिरा. हिवाळ्यात भरिताच्या ऑर्डरी. एका चाखण्यात मीठ कळतं होय? मीठ वेगळं, तिखट वेगळं, आणि शेवटी सगळं मिळून वेगळं."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, 'ऑपरेशन नको. चमचा लहान करा.'

काकू पुढच्या खेपेला आल्या त्या नवा चमचा पर्समध्ये घेऊनच. मला दाखवून म्हणाल्या, "बघ, केवढासा! आता दुप्पट वेळा चाखावं लागतं."

* * *

मग अक्कांच्या निर्णयाचा गुरुवार आला. नाना, मुलगा, नणंद, सगळे खुर्च्या ओढून बसले. डॉक्टरांनी कागदावर तीन चित्रं काढून तीन ऑपरेशनं सांगितली. एक, जुनीच नळी परत बारीक करायची. दोन, मिनी बायपास. तीन, मोठा बायपास.

मग जी काही पंचायत बसली म्हणता! मुलगा म्हणाला, "आई, ज्यात वजन सगळ्यात जास्त उतरीन ते कर." नणंद म्हणाली, "मिनी करा. नावातच लहान हाये." नाना तर टेबलावर थाप मारून म्हणाले, "जुनंच केयं बारीक करा! नवीन पाट काढायचे नही!"

अक्का पदराशी चाळा करत बसल्या होत्या. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्यांनी पहिल्या चित्रावर बोट ठेवलं. "हे केल्यावर आडवं झोपता येईन?"

"नाही, अक्का. आंबट पाणी उलट वाढायची भीती आहे."

बोट दुसऱ्या चित्रावर. "यानं?"

"काहींना येतं. पण काहींना पित्त वर येतं. तुमचा त्रास बघता मी हे सुचवणार नाही."

बोट तिसऱ्यावर. "आन यानं?"

"बहुतेकांचा त्रास थांबतो. पण वचन नाही देता येत. आणि वजन पहिल्यासारखं धडाधड उतरेलच असंही नाही."

"नही उतरलं तरी चालीन," अक्का म्हणाल्या. "हेच करा."

"मोठं ऑपरेशन हाये ते!" नाना ओरडले. "काही झालं म्हंजे?" आणि त्यांचा तो आवाज, अख्ख्या यावलला पुरणारा आवाज, मधेच फाटला.

अक्का त्यांच्याकडे वळल्या. "दोन वरसं मी भिंतीले टेकून बसते. तुम्हीबी माझ्या बाजूले टेकूनच बसता. मले काय दिसत नही?"

नानांनी टेबलावरचा हात मागे घेतला. आमच्या ओपीडीतला पंखा आवाज करतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

* * *

ऑपरेशनच्या दिवशी नानांना बाहेर बसवलं. ते येईल त्याला अक्कांची हकीकत सांगत होते. नर्स दोनदा येऊन 'शांतता राखा'च्या पाटीकडे बोट दाखवून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा नाना कळवळून म्हणाले, "बाई, मी हयूच तर बोलून राह्यलो!" वरच्या मजल्यावरून एकाने वाकून विचारलं, "काय झालं?"

शेवटी डॉक्टर बाहेर आले. "सगळं व्यवस्थित झालं, नाना."

नानांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मग डोळे पुसून म्हणाले, "साहेब, आता कोनतं केयं ठेवलं?"

डॉक्टर आता जुने झाले होते. ते ऐटीत म्हणाले, "आता केळं नाही, नाना. आता फक्त लिंबाएवढी पिशवी."

"कोनतं? कागदी का ईडलिंबू?"

"कागदी, नाना!" डॉक्टर हात जोडून म्हणाले. "कागदी!"

* * *

अक्का घरी गेल्या. मधल्या तपासणीला आल्या, खाणंपिणं ठीक होतं, जखमा भरल्या होत्या. पण पाठीला उश्या अजून होत्याच. डॉक्टर म्हणाले होते, घाई नको, हळूहळू उश्या कमी करा. वचन तर कुणीच दिलेलं नव्हतं. मला आपली धाकधूक. इतकं सगळं करून पुन्हा भिंतच नशिबी आली तर?

एका दुपारी राहवेना. जेवण झाल्यावर नानांचा नंबर लावला आणि सवयीने फोन टेबलावर ठेवून हाताची घडी घातली.

आवाजच नाही.

मला वाटलं फोन लागला नाही. बघितलं तर लागलेला. कविता म्हणाली, "ताई, काहीतरी झालंय." मी फोन उचलून कानाला घट्ट लावला. "हॅलो? नाना?"

पलीकडून कुजबुज आली. "बोला, ताई."

"नाना, तुम्हीच ना? काय झालं? अक्का कशा आहेत?"

"झोपली हाये."

"कशी? टेकून?"

"आडवी." मग जरा थांबून, अजून हळू, "सकायी जेवली तव्हापासून. पार आडवी, ताई."

मी कविताला हातानेच खूण केली. तिने आनंदाने टेबलावर बुक्की मारली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि नकळत मीसुद्धा कुजबुजायला लागले. "नाना, मग घराबाहेर जाऊन बोला ना. जाग येईल त्यांना."

"मी घरी कुठं हाये? मी बागंत हाये."

"बागेत? पाटाच्या पलीकडे?"

"हो ना."

"अहो नाना, मग एवढं हळू काऊन बोलताय?"

"हयू बोला, ताई," नाना कुजबुजले. "तिची झोप मोडीन ना!"