ताईचा कान आणि येऊ घातलेली चिप

मिस्त्री म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे थापी, ओळंबा आणि सिमेंटची पाटी येते. आपला मिस्त्री कॉम्प्युटरचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत चष्म्याचं दुकान आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधोमध त्याची एक अरुंद खोली आहे. वीस वर्षं तो तिथे बसून सुटे भाग जोडतो आणि ज्याला जसा हवा तसा कॉम्प्युटर बनवून देतो. वजन नव्वद किलो, बोटं केळ्यांसारखी. पण त्याच बोटांनी तो प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवतो तेव्हा झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा ठेवतो. स्वभाव मुळात तापट नाही. यंदा मात्र पारा चढला तो उतरायचं नाव घेईना. आणि तो चढवला होता बाजारात नसलेल्या एका वस्तूने.

ही वस्तू म्हणजे नवा प्रोसेसर. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. पडद्यावर चित्रं हलवायची, फिरवायची तर पूर्वी त्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवावं लागे. ते वीज खाई, जागा खाई आणि पंख्याच्या आवाजाने माणसाचं डोकंही खाई. आता काही प्रोसेसरांच्या पोटातच ती सोय असते. मिस्त्रीच्या फळीवर असे सहा प्रोसेसर डबाबंद होते आणि चांगले होते. पण पुढचा येणार होता. कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून सगळ्यांनाच ठाऊक होतं.

कुणीतरी कुठल्याशा कारखान्यात खोक्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढला होता. तो धूसर होता, म्हणून लोकांना जास्तच खरा वाटला. त्यावरून दुसऱ्याने अंदाज बांधला, अंदाजावरून तिसऱ्याने आलेख काढला, आणि आलेख पाहून चौथा मिस्त्रीच्या दुकानातून उठून गेला. "नको, थांबतो. पुढच्यात ग्राफिक्स दुप्पट आहे म्हणे." बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण मिस्त्रीने लहानपणी पाठ केली होती. पण त्या म्हणीतल्या तुरी निदान बाजारात तरी होत्या. इथे शेत पेरल्याचाही पत्ता नव्हता.

गिऱ्हाइकं थांबली असती तर मिस्त्रीने दातओठ खाऊन सोसलं असतं. पण त्याची सख्खी थोरली बहीण थांबली होती. म्हणजे तिला थांबवलं होतं.

ताई शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. तीस वर्षांत शरीरशास्त्राच्या धड्यांतली तिची फुप्फुसं आणि मूत्रपिंडं किती मुलांनी परीक्षेत नक्कल करून काढली, त्याची गणती नाही. आता प्रकाशकाला नवीन हवं होतं: पडद्यावर बोटाने फिरवता येतील असे अवयव. एकंदर बारा. त्यांच्या संपादक बाईंनी ताईला सांगितलं, नमुना म्हणून आधी कान करून द्या. वीस तारखेपर्यंत पसंत पडला तर बाराही अवयव तुमचे, नाहीतर एक स्टुडिओ टपून बसलाच आहे. ताईचा सगळा जीव हृदयात होता. हृदय सगळ्या बाजूंनी दाखवायचं, हे तिचं जुनं स्वप्न. पण हृदयाचा रस्ता कानावरून जात होता, आणि कान तिच्या नऊ वर्षांच्या जुन्या कॉम्प्युटरवर अडून बसला होता. जरा वळवायला गेलं की पडदा पांढरा पडायचा आणि मग अर्धा तास काही नाही. कान पिळल्यावर मूल भोकाड पसरतं. हा मुकाट मरायचा.

फळीवरच्या सहांतला कुठलाही प्रोसेसर तो कान भोवऱ्यासारखा फिरवेल, हे मिस्त्री छातीवर हात ठेवून सांगत होता. पण मध्ये दाजी होते.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आयुष्यभर मीटर तपासून निवृत्त झालेले. सज्जन माणूस, कुणाला उलट बोलणार नाहीत, पण सुलटही लवकर बोलणार नाहीत. स्वेटर घालायचा तर आधी तापमान बघतील, मग उद्याचं बघतील, आणि मग परवा ऊन पडणार आहे म्हणून स्वेटर घडी करून ठेवतील. निवृत्तीनंतर त्यांना या चिपांच्या बातम्यांचा नाद लागला होता. दर रविवारी सकाळी ते दुकानात येत, स्टूल ओढत आणि आठवड्याची वार्ता ऐकवत. बारा कोअर असतील. नाही, सोळा. मार्चमध्ये येईल. नाही, मेमध्ये, पण स्वस्त. मिस्त्री समोर कुणाचा तरी मदरबोर्ड ब्रशने झाडत असे, आणि दाजींचं बोलणं रंगेल तसा ब्रश इतक्या जोरात चाले की एकदा त्याचे केसच झडले.

"दाजी, म्हैस पाण्यात आहे आणि तुम्ही दुधाचं विरजण लावताय," तो म्हणाला.

"अरे, पण म्हैस चांगली आहे असं सगळेच म्हणतात," दाजी म्हणाले.

असे आठ रविवार गेले. मग मिस्त्रीचं डोकं फिरलं, आणि फिरलेल्या डोक्याला एक कल्पना सुचली. काट्याने काटा काढायचा. दाजींचा विश्वास अफवेवर आहे ना? मग अफवाच द्यायची, पण आपल्या कामाची. बारा तारखेला दुपारी, गल्ली पेंगत असताना, तो दाजींच्या लाडक्या गप्पांच्या संकेतस्थळावर एका बनावट नावाने शिरला आणि ऐटीत लिहून आला: नवा प्रोसेसर दीड वर्ष लांबणीवर. आतल्या ग्राफिक्सच्या भागाला उष्णता सोसत नाही, सॉकेटही बदलावा लागणार, म्हणजे मदरबोर्डसुद्धा नवा घ्यावा लागेल. खाली एक खोटा मॉडेल क्रमांक टाकला. तो त्याच्या किराणावाल्याचा फोन नंबर होता, उलटा लिहिलेला. आता दाजी म्हणतील, छे, दीड वर्ष कोण थांबतंय, आणि निमूट फळीवरचा घेतील, असा त्याचा हिशेब.

अफवेला पाय नसतात, असं कोण म्हणतं? संध्याकाळपर्यंत तिने तीन गावं पालथी घातली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला दोन फोन आले. दोन्ही गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर ठरलेले होते आणि दोघांनीही ते रद्द केले. एकाने वर समजावून सांगितलं की एवढा उशीर करतायत म्हणजे काहीतरी जबरदस्त असणार, आता मधलं काही घेण्यात अर्थ नाही. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून मिस्त्री तो धोंडा बघत बसला.

पण खरा घाव रविवारी बसला. दाजी आले ते हातात छापील कागद घेऊन. मिस्त्रीचीच वाक्यं, लाल पेनाने अधोरेखित. चेहरा मात्र नेहमीसारखा फुललेला नव्हता.

दाजींनी सांगितलं ते असं: कागद घरी ताईनेही वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाली, नवा येत नाही, जुना चालत नाही, आणि मधला तुम्ही घेऊ देत नाही. मी दीड वर्ष त्या बाईंना कुठवर झुलवू? आणि तिने संपादक बाईंना पत्र लिहायला घेतलं की हे काम मला जमणार नाही. पत्र लिहून झालं होतं. उद्या पाठवणार होती.

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि ती आग कुणावरची, दाजींवरची की स्वतःवरची, हे कळायच्या आत त्याच्या तोंडून निघून गेलं. "ते मी लिहिलंय."

दाजींनी चष्मा काढला. "काय लिहिलंयस?"

"ही बातमी. मी बनवली. तुम्ही एकदाचं काहीतरी घ्यावं म्हणून."

पुरावा म्हणून त्याने कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवून बनावट नाव उघडून दाखवलं. किराणावाल्याचा नंबरही उलटून वाचून दाखवला. दाजींनी सगळं शांतपणे पाहिलं, आणि मान हलवली.

"नाव तुझं असेल. पण बातमी तुला दिली कुणी?"

"कुणी नाही हो. मी बनवली."

"बनवायला तरी डोक्यात यावी लागते ना. तू या धंद्यातला. कुठेतरी ऐकलंच असशील."

मिस्त्रीने हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर असा आपटला की शेजारचा चष्मेवाला दारातून डोकावला. तो तावातावाने बोलत सुटला: खोटं लिहिलं तर खरं मानता, खोटं आहे म्हटलं तर तेवढंच खोटं मानता, मग माझ्या शब्दाला तुमच्या लेखी किंमत काय?

दाजी स्टुलावरून उठले. मग म्हणाले, "नऊ वर्षांपूर्वी मी तुला विचारलं होतं. नवा येतोय का, थांबू का. आठवतं?"

मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर उचलून खणात ठेवला.

"तू म्हणालास, अफवा आहे दाजी, डोळे मिटून घ्या. मी घेतला. आठव्या दिवशी नवा आला, तोही त्याच भावात. कचेरीत चार महिने मला 'घाईवाले' म्हणत होते. मला, घाईवाले. मी तुला एक शब्द बोललो नाही, घरचा माणूस म्हणून. पण तुला तेव्हा ठाऊक होतं की नव्हतं, एवढं आज सांग."

मिस्त्रीला ठाऊक होतं. अर्धवट, पण ठाऊक होतं. तेव्हा जुना माल फळीवर होता, आणि तो हलवायला घरचा माणूस सोपा पडला होता. गेल्या वर्षभरात त्याने अफवांवर, आलेखांवर, फोटोंवर जेवढा राग काढला होता, तो सगळा बूमरँगसारखा फिरून त्याच्याच कपाळावर येऊन बसला.

"होतं," तो म्हणाला.

दाजींनी कागदाची घडी केली, खिशात ठेवला आणि स्टूल जागच्या जागी सरकवून निघून गेले. त्यांनी एवढं जरी केलं नसतं, चार शिव्या हासडल्या असत्या, तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं.

त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं. फळीवरचा एक प्रोसेसर उतरवला, मदरबोर्ड घेतला, रॅम घेतली, आणि दातांवर दात रोवून जोडायला बसला. रागात माणूस स्क्रू जास्त आवळतो, हे त्याला माहीत होतं. म्हणून प्रत्येक स्क्रू तो आवळायचा आणि मग अर्धा फेरा सैल करायचा. सोमवारी सकाळी ते खोकं छातीशी धरून तो ताईच्या दारात उभा राहिला. तारीख अठरा.

दार दाजींनी उघडलं. खोकं पाहून ते दारातच उभे राहिले. "परत तेच? आणि पुढच्या आठवड्यात नवा आला तर?"

"आला तर येऊ दे. तो मी तुम्हाला फुकट बसवून देईन. पण आज हा आत जाऊ द्या."

"प्रश्न फुकटचा नाही रे," दाजी म्हणाले, आणि दोघांची पुन्हा जुंपणार तेवढ्यात आतून ताई आली. हातात पत्राचं पाकीट. बहीण म्हणजे शांत, मायाळू वगैरे. पण मिस्त्रीने तिचा हा चेहरा फक्त एकदा पाहिला होता, लहानपणी तिची रंगपेटी त्याने पाण्यात बुडवली तेव्हा.

"तुमचं भांडण नऊ वर्षांचं आहे हे मला काल कळलं," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि अहो, ते दोघांनी माझ्या टेबलावर आणून मांडलंत. छोट्या, ते खोकं आत ठेव. आणि तू लिहिलेलं ते वाचून मी हे पत्र लिहिलं, ते विसरू नकोस. मी विसरणार नाही."

सेहेचाळीस वर्षांचा, नव्वद किलोचा छोट्या मान खाली घालून आत गेला. तारा जोडल्या, चालू केला. ताईने कान उघडला आणि बोटाने ढकलला.

कान फिरला. कुठेही न अडता, लोण्यातून सुरी जावी तसा. दाजीसुद्धा नकळत पुढे झुकले. बाहेरचा कान, मग नळी, मग पडदा, मग ती तीन इवलीशी हाडं: हातोडा, ऐरण, रिकीब. मिस्त्रीला भरून आलं आणि त्याने एक विजयी वाक्य जुळवलंही.

ताईचा हात थांबला. तिने कान मागे नेला, पुन्हा फिरवला, जवळ आणला.

"हे चुकलंय," ती म्हणाली.

समोरून पाहिलं तर रिकीब अंतर्कर्णाला टेकलेली दिसत होती. तिची पुस्तकातली सगळी चित्रं समोरूनच काढलेली. मागून पाहिलं, तर ते हाड अधांतरी लोंबत होतं. अंतर्कर्ण बोटभर लांब. त्या कानाने कुणाला काहीही ऐकू आलं नसतं. आणि रिकीब हलवायची तर ऐरण हलणार, ऐरण हलली की हातोडा, आणि मग पडद्याचा कोनही. सगळा आतला कान नव्याने बसवायचा. दोन दिवसांत.

मग दाजी हळूच म्हणाले, "हे दोन महिन्यांपूर्वी दिसलं असतं."

"हो," ताई म्हणाली. तिने वर पाहिलंही नाही.

त्या एका 'हो'पुढे मिस्त्रीचं विजयी वाक्य घशातच विरघळलं. दोन दिवस ताईने खुर्ची सोडली नाही. दाजी पाणी ठेवून जात, ताट ठेवून जात, आणि वाटेत येणारी प्रत्येक वस्तू उगाचच बाजूला करत. वीस तारखेला दुपारी तीनला कान गेला. पत्राचं पाकीट फाडून दाजींनी स्वतः केराच्या टोपलीत टाकलं.

आठवड्याने संपादक बाईंचा फोन आला तेव्हा मिस्त्री तिथेच होता. ताई "बरं", "हो", "समजलं" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर तिने सांगितलं: कान आवडला. पण वेळ उरला नाही. बाराच्या बारा एका माणसाकडून आता होणार नाहीत. पाच तिला. कान, डोळा, नाक, जीभ, त्वचा. बाकीचे सात स्टुडिओला. हृदय स्टुडिओला.

दाजींनी घसा खाकरला. "पुढच्या आवृत्तीत कदाचित..."

मिस्त्रीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते वाक्य तिथेच थांबलं. मग त्याच्या लक्षात आलं की ताई आपल्याकडेही तसंच पाहतेय, आणि त्याने नजर वळवली.

"डोळ्याचा आराखडा आज हवाय," ताई म्हणाली. "दोघंही बाहेर जा. आणि भांडायचं असेल तर रस्त्यावर भांडा."

दोघं बाहेर आले. फाटकापर्यंत गेले. भांडायला दोघांकडेही ऐवज भरपूर होता. पण आतून माउसची टकटक ऐकू येत होती, आणि ती थांबू नये म्हणून दोघंही, दात आवळून, गप्प उभे राहिले.