यीस्टची भिंत

माझी मुलगी वाइनच्या कारखान्यात आहे. परवा घरी एक बाटली घेऊन आली आणि तळाचा पांढरा गाळ दाखवत म्हणाली, “आई, हे मेलेलं यीस्ट. पण त्याच्या पेशीच्या भिंतीतली प्रथिनं अजून कामाची असतात, बरं का. ती वाइनमध्ये उतरतात नि तिला गढूळ होऊ देत नाहीत.”

मी आपलं “हो का” म्हटलं. आमचे हे गेल्यापासून माझंही तसंच चाललंय बघा. आत काही हलत नाही, पोळ्या मात्र गोल होतात.

“आई, एकदा रड तरी गं,” म्हणता म्हणता तीच रडायला लागली. मला काही रडू आलं नाही. हात तेवढा उठला आणि तिच्या पाठीवरून फिरत राहिला.