अक्कांचा हातगुण आणि माझं मोरचूद

शाळेच्या स्मरणिकेसाठी मी दोनदा लेख लिहिला. दोन्ही वेळा प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीबद्दलच लिहिलं, आणि दोन्ही वेळा शेवटी तेच वाक्य टाकून मोकळा झालो : 'पुढे काही कारणाने टाकी बंद पडली.' ते कारण मला पक्कं ठाऊक होतं. बायकोलाही मी ते कधी सांगितलं नाही. आता वय सत्याऐंशी आहे, आणि ते वाक्य तसंच छापलेलं राहणार हे मला सहन होत नाही. म्हणून तिसऱ्यांदा लिहितो आहे.

मी जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. घर मूळचं यावलकडचं, केळीवाल्यांचं. नववीला दरवर्षी हायड्रिलाचा प्रयोग असे. पाण्यातल्या त्या वनस्पतीवर काचेचं नरसाळं उपडं ठेवायचं, वर परीक्षानळी, आणि उन्हात ठेवलं की बुडबुडे येतात ते मुलांना दाखवायचे. हायड्रिला गिरणा नदीतून बादलीत आणली की चौथ्या दिवशी सडायची. ती कायमची हाताशी असावी म्हणून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी तीन फुटांची टाकी करून घेतली. तळाला नदीची वाळू, वाळूत हायड्रिला, आणि मलेरियावाल्यांकडून मागून आणलेले पन्नासेक गप्पी मासे.

दोन आठवड्यांत पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं झालं. काचेवर हिरवा लेप, पानांवर केसांसारखे धागे. मी टाकी पूर्ण उपसली, काच राखेने घासली, वाळू उकळून घेतली, नवं पाणी भरलं. पाच दिवसांत पुन्हा पालक. पुन्हा उपसली. असं चार वेळा झालं. शिक्षकांच्या खोलीत शिरलो की कोणीतरी विचारायचंच, "काय सर, जुडी कशी दिली?"

अक्का आमच्या शाळेत शिपाई होत्या. सोनगीरजवळच्या गावच्या, नवऱ्याच्या जागेवर लागलेल्या, तेव्हा चाळिशीच्या. त्या हेडसरांपासून शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांशी आपल्या अहिराणीतच बोलत. ळ त्यांच्या तोंडात नव्हताच. शेवाळाला त्या 'शेवाय' म्हणायच्या. मराठीचे सर एकदा त्यांना सुधारायला गेले.

"अक्का, शेवाळ म्हणा. ळ. बाळातला ळ."

"हां, बायमधला," अक्का म्हणाल्या. "तेच तं म्हनी ऱ्हायनू मी."

पाचव्यांदा मी बाह्या वर करून टाकी उपसायला लागलो, तेव्हा अक्का केरसुणी टेकवून माझ्यामागे उभ्या राहिल्या.

"सर, रागे भरू नका. तुम्ही ह्या पानीले बसूच देतस नही. रोज नवं पानी, रोज नवी शेवाय."

"मग काय करू? हिरवं राहू देऊ?"

"मले द्या महिनाभर."

मी दिली. कंटाळलोच होतो.

पहिला आठवडाभर अक्कांनी काहीच केलं नाही, याची मला चीड आली. त्या फक्त पाहत होत्या. ऊन खिडकीतून किती वाजता टाकीवर येतं, कोणत्या बाजूने सरकतं, कधी उतरतं. त्यांच्या माहेरी गुरांचा हौद होता. त्याच्या निंबाखालच्या कोपऱ्यात शेवाळ धरत नसे आणि उघड्या बाजूला बोटभर साचत असे, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. आठव्या दिवशी त्यांनी पश्चिमेच्या खिडकीला गोणपाट लावलं. सकाळचं कोवळं ऊन टाकीला मिळे, दुपारनंतरचं बंद.

मग मुलींचे मुरमुरे बंद केले. मधल्या सुट्टीत येणारी प्रत्येक मुलगी चिमूटभर काहीतरी टाकायची, कोणी शेवही टाकायची. ते तळाशी कुजायचं. अक्का टाकीपाशी स्टूल घेऊन बसल्या. "मासे उपाशी मरतील ना अक्का," असं एक मुलगी म्हणाली तर उत्तर मिळालं, "भूक लागनी तं शेवाय खातीन. तुनी माय तुले दिवसभर खाऊ घालस का?"

एका रविवारी त्या एकट्याच गिरणेवर गेल्या आणि दोन बादल्या भरून हायड्रिला आणि फितीसारखं लांब पाणगवत घेऊन आल्या. सोबत मूठभर गोगलगायी. सगळं त्यांनी वाळूत इतकं दाट लावलं की मी वैतागलो.

"अक्का, मासे फिरणार कुठे?"

"सर, तुम्ही तं शेतकरीना पोरगा. पीक दाट ऱ्हायनं तं तनले जागा मियस का?"

मी बी.एस्सी. झालेला माणूस. पाण्यातले क्षार, प्रकाश, वनस्पतींची त्यावरची स्पर्धा, हे सगळं मी फळ्यावर लिहून शिकवत होतो. पण ते या टाकीला लागू आहे हे मला सुचलं नव्हतं, आणि अक्कांनी ते एका वाक्यात सांगितलं. दाट वाढणाऱ्या वनस्पतीने पाण्यातलं खत खाऊन टाकलं की शेवाळाला उरतं काय?

उरलेले धागे काढायची त्यांची रीत तर मी पुढे अनेक शिक्षकांना करून दाखवली. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वाळलेली खरबरीत काडी घ्यायची, धाग्यांच्या झुबक्यात घालायची आणि हलके हलके फिरवायची. धागे काडीवर लोकरीसारखे गुंडाळून यायचे, पान तुटायचं नाही. माझ्याने ते कधी नीट जमलं नाही. मी ओढायचो. अक्का ओढत नसत. कोपरापर्यंत हात पाण्यात असायचा आणि मासे त्या हाताभोवती घोटाळायचे, पळायचे नाहीत. दर शनिवारी दोन बादल्या जुनं पाणी काढून त्या आवारातल्या पपईला घालत. रांजणात आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी तळव्यावरून सोडत, की वाळू उडू नये.

तीन महिन्यांनी त्या टाकीपाशी उभं राहिलं की वर्गावर जायचं विसरायला व्हायचं. तळापर्यंत स्वच्छ दिसणारं पाणी, त्यात हिरवंगार रान, आणि दहाच्या उन्हात प्रत्येक पानाच्या टोकाशी बुडबुड्यांच्या माळा. नरसाळं लावायची गरजच उरली नाही. पाचोऱ्याहून एका शाळेचे शिक्षक पाहायला आले. त्यांनी विचारलं, "औषध कोणतं घालता?" मी उत्तर देण्याआधीच अक्का म्हणाल्या, "उपास."

अक्कांच्या हाताला गुण आहे, हे शाळेत मग सर्वमान्य झालं. खरं म्हणजे बायकांमध्ये ते आधीपासून होतं. वांग्या-मिरच्यांची रोपं लावायची असली की पहिलं रोप अक्कांच्या हातचं. आमच्या घरी लोणच्याला त्यांना दरवर्षी बोलावणं जायचं. मसाला त्यांनी कालवला की लोणचं दोन वर्षं टिकतं, असं माझी बायको सांगायची. हातगुणाचं कौतुक कोणी केलं की अक्का म्हणत, "हात तं बठ्ठासले दोनच शेत." म्हणजे हात काय, सगळ्यांना दोनच आहेत. पण त्यांना ते आवडायचं. बोलताना हात पदराला पुसत आणि एकदा त्याच्याकडे पाहत.

दोन वर्षं टाकी अशी चालली. मग भाचीच्या लग्नासाठी अक्का पंधरा दिवस गावी गेल्या. जाताना मला तीनच गोष्टी सांगून गेल्या : गोणपाट काढू नका, खायला टाकू नका, हात घालू नका. मी तिन्ही मोडल्या. शाळेची तपासणी जवळ आली होती आणि टाकी उजेडात दिसावी म्हणून मी गोणपाट काढलं. मासे गुबगुबीत दिसावेत म्हणून खाणं टाकलं. धागे दिसायला लागल्यावर काडी घालून ओढाओढ केली, रोपं उपटली. तपासणीच्या आदल्या दिवशी काच पुन्हा हिरवी होती.

आमच्या गावी विहिरीवर शेवाळ आलं की मोरचुदाची पुरचुंडी दोरीला बांधून पाण्यात फिरवत. केळीवर करपा आला तरी मोरचूदच. लहानपणापासून माझ्या डोक्यात ते सगळ्यावरचं औषध होतं. प्रयोगशाळेच्या कपाटात 'कॉपर सल्फेट' अशा चिठ्ठीची त्याची बरणी होतीच. मी रुमालात मूठभर बांधलं आणि शाळा सुटल्यावर टाकीत फिरवलं. विहिरीत पाणी किती आणि तीन फुटांच्या टाकीत किती, हा हिशेब सातवीतला मुलगाही करू शकला असता.

दुसऱ्या दिवशी पाणी काचेसारखं होतं. तपासणीला आलेले साहेब वाकून म्हणाले, "वा! पाणी कसं निळंशार!" हेडसरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. गोगलगायी काचेवर दिसत नव्हत्या, तळाशी पडल्या होत्या. मी पाहिल्या. साहेब पुढच्या खोलीकडे निघाले होते, मी त्यांच्यामागे गेलो.

सोमवारी अक्का रुजू झाल्या. फरशी पुसून झाल्यावर सवयीप्रमाणे त्यांनी टाकीत हात घातला, कोलमडलेली रोपं सरळ केली. "गोगलगाई का खाले पडेल शेतस, सर?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "थंडी असेल." मंगळवारी सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते आणि हायड्रिला हाताला लागताच विरघळत होती.

प्रयोगशाळेत सगळे जमले. हेडसर चिडले होते. "काल फरशी कशाने पुसली, अक्का?"

"फिनेलवरी."

"आणि तोच हात टाकीत घातलास?"

"धुयेल व्हता, सर. साबनवरी धुयेल व्हता." त्या माझ्याकडे वळल्या. "सर, धुयेल हातले बी फिनेल ऱ्हास का?"

त्या मला विचारत होत्या, कारण मी विज्ञानाचा माणूस. एका वाक्याचं काम होतं. हेडसर समोर, मराठीचे सर समोर, तपासणीत झालेलं कौतुक तीनच दिवसांचं. मी म्हणालो, "राहतं कधी कधी. फिनेल फार तीव्र असतं."

अक्कांनी उजवा हात नाकाशी नेला आणि वास घेतला. मग बादली आणून मासे ओंजळीने न काढता तांब्याने काढले.

त्यांना शिक्षा वगैरे झाली नाही. कोणी पुढे विषयही काढला नाही. मला वाटलं, चार दिवसांत विसरतील. पण मी टाकी पुन्हा भरायची म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भरा सर, पन मी नही हात लावत." टाकी मग रिकामीच राहिली.

त्या वर्षी लोणच्याला आमच्या घरी त्या नेहमीप्रमाणे आल्या. कैऱ्या फोडल्या, कोयी काढल्या, मोहरी कुटली. बायकोने परात पुढे सरकवली.

"वहिनी, मसाला तुम्ही कालवा."

"अहो, तुमचाच हात लागायला हवा. म्हणून तर बोलावलं."

"नको. मना हातना गुन गया. जित्ता मासा मरी गयात, तुमनं लोनचं काय टिकी?"

बायको हसली, तिला गंमत वाटली. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. पडदा सरकवून आत जायचं आणि सांगायचं. चार पावलं होती. मी पेपराचं पान उलटलं.

पुढे समजलं की रोपं लावायलाही त्या कोणाकडे जात नाहीत. शाळेच्या आवारातल्या पपईला पाणी घालायलाही दुसऱ्याला सांगत.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार, मी एकटाच सोनगीरकडे गेलो. अक्काही नोकरी सोडून गावी गेल्या होत्या. जळगावहून धुळे आणि धुळ्याहून पुढे, एसटीत मी माझं वाक्य जुळवत होतो. त्यांच्याच बोलीत म्हणावं असं ठरवलं होतं, म्हणजे मला आडोसा घ्यायला पुस्तकी शब्द मिळणार नाहीत.

अंगणात पाळणा होता. अक्कांचे केस पांढरे झालेले, पण चाल तीच. मला पाहून इतक्या आनंदल्या की शेजारच्या दोघी गोळा झाल्या. सुनेने चहा आणला. पाळण्यातल्या नातवाकडे पाहून मी, बोलायला सुरुवात हवी म्हणून, विचारलं, "तेल-अंघोळ तुम्हीच घालत असाल?"

"नही, सर. शेजारीन घालस. मना हात नको."

हे अगदी सहज म्हणाल्या. मी कप खाली ठेवला. आता बोलायचं. तेवढ्यात त्या सुनेकडे वळल्या.

"ह्या मना सर. मना हातवरी यासना बठ्ठा मासा मरनात. पन हाऊ मानूस मले एक शब्दबी वाकडा बोलना नही. असा मानूस मियस का कोठे?"

सुनेने वाकून माझ्या पायांना हात लावला. शेजारणी आदराने पाहत होत्या. मी तासभर बसलो. पाऊसपाणी, कपाशीचा भाव, मुलींची लग्नं, सगळं बोललो. निघताना अक्का रस्त्यापर्यंत आल्या.

दोन वर्षांनी शाळेतल्या जुन्या शिपायाने त्या गेल्याचं सांगितलं.

जे वाक्य मी एसटीत धुळ्यापर्यंत आणि धुळ्याच्या पुढे घोकत गेलो होतो ते असं होतं : अक्का, मासा तुमना हातवरी नही मरनात. पानीमा मोरचूद मी टाकेल व्हतं. मले माफ करा.