आमचा बैल बसला ती जागा

आमचं गाव वसलं ते एका बैलामुळे. आमचे मूळपुरुष सोनगीरकडून कपाशीची गाडी घेऊन एरंडोलच्या बाजाराला निघाले होते. आज वेस आहे तिथे त्यांचा बैल जो बसला, तो उठेचना. बैल एवढा, की त्याच्या सावलीत आधी सात घरं उभी राहिली, मग बाजार भरला, मग कापसाची जिनिंग आली. मी पाहिलेलं नाही, पण पाहिलेल्या माणसापेक्षा नीट सांगतो.

शेजारच्या नानांची गोष्ट हीच, फक्त बैल त्यांचा. "बैल आमना व्हता, तुमना आजा नुसता हाकणारा," असं ते चारचौघांत म्हणतात. भांडण आहे ते पोळ्याच्या मानाचं. गाव वसवणाऱ्याची जोडी वेशीतलं तोरण तोडून सगळ्यांच्या पुढे जाते. हा मान आमचा. मात्र जोडी तोरणाशी अडली, तर मान मागच्याचा. मागे नेहमी नाना.

आमच्या घरी आता ट्रॅक्टर. म्हणून गेल्या पोळ्याला मेहुण्याची जोडी पिकअपमध्ये घालून आणली. सकाळीच नाना गोड आवाजात म्हणाले, "भाऊ, जोडी आमना दारवरथीन लई जाय. निवद खावाडसू."

नाना आणि गोड? मला तिथेच वास आला. निवदाच्या मांड्यात हा माणूस काहीतरी गुंगीचं घालणार. मी ठरवलं, बैलांचं पोट घरीच इतकं भरायचं, की परक्या दारात त्यांनी तोंडच उघडू नये. बायको खापरावर घोंगडीएवढे पुरणाचे मांडे टाकत होती, मी भरवत होतो.

"बैल शे का कोठार?" ती म्हणाली. पाहुणे वरणभातावर उठले.

नानांच्या दारात दोन्ही बैलांनी खरंच तोंड फिरवलं. नानांनी तोच मांडा मोडून स्वतः खाल्ला, बोटंही चाटली. मला काही उमजेना.

मग तोरणाखाली आमच्या जोडीतल्या थोरल्या बैलाने असा ढेकर दिला की आंब्याची पानं हलली. आणि तो खाली बसला. आम्ही शेपूट पिरगळली, हाका मारल्या, ढोल वाजवले. तो डोळे मिटून रवंथ करत राहिला. नानांची जोडी बाजूने गेली, तोरण तुटलं, पिढ्यांचा मान गेला.

तेवढ्यात गर्दीतली एक म्हातारी अक्का म्हणाली, "पहिला बैल बी आठेच बसना व्हता ना?"

सगळ्यांनी वेशीतल्या त्याच जागेकडे पाहिलं. दोन बायांनी पुढे होऊन आमच्या बसल्या बैलालाच कुंकू लावलं. नाना खांद्यावरची पानं झटकत परत आले.

"मुद्दाम बसाडा का रे, भाऊ?"

मी बैलाच्या कपाळावरचं कुंकू सारखं केलं.

मान नानांकडे गेला तो गेलाच. पण गाव कुणी वसवलं हे आता गावात कुणी विचारत नाही. हल्ली नाना संध्याकाळी आपला बैल वेशीपर्यंत फिरवायला नेतात आणि तिथे बराच वेळ थांबतात. ते त्याला बसायला शिकवतायत, असा मला दाट संशय आहे.