विहीर बघणारे गृहस्थ

मध्यप्रांतातल्या नोकरीत माझी नागपूरहून जबलपूरला बदली झाली. तिथे चेरीताल मोहल्ल्यात एक म्हातारे गृहस्थ रोज भाड्याची घरं बघत फिरायचे. खोल्यांकडे ढुंकूनही बघत नसत. विहिरीचं तांब्याभर पाणी न्यायचे आणि त्यात तुरीची डाळ शिजते का, ते बघायचे. आमच्या शेजारची खोली रिकामी होती. तिच्यासाठी त्यांना तीनदा पाणी मीच ओढून दिलं.

शेवटी विचारलं, "कुठंच डाळ शिजत नाही का?"

"सगळीकडे शिजते, भैया."

"मग घर काहून घेत नाही?"

"वर्षभर पाणी नेऊन राहिलो. माझ्या घरी कोण आहे, हे अजून एकानंही विचारलं नाही."

मी म्हटलं, "आज आमच्याकडे जेवायला या."

"अच्छा, येतो. तुमच्याकडची डाळ लवकर शिजते."